धरलेला ड्रम: जुन्या मोटारीचे मागचे ब्रेक कसे सोडवावेत

मोटारीचा ब्रेक ड्रम म्हणजे बिडाचा ओतीव, एका बाजूने उघडा असा उथळ डबा. तो हबवर बसतो आणि चाकाबरोबर फिरतो. त्याच्या पोटात दोन अर्धगोल शू असतात आणि शूच्या पाठीवर घर्षणाचे लायनर चिकटवलेले किंवा रिबिटांनी ठोकलेले असते. पेडल दाबले की व्हील सिलिंडरातले दट्टे शूंना बाहेर रेटतात, लायनर ड्रमच्या आतल्या भिंतीला घासते आणि चाक मंदावते. पेडल सोडले की स्प्रिंगा शूंना परत आत ओढतात. शू, सिलिंडर, स्प्रिंगा हे सगळे बॅकप्लेटवर बसवलेले असते आणि बॅकप्लेट धुऱ्याला पक्की असते. त्यामुळे यांतल्या कशालाही हात लावायचा तर आधी ड्रम बाहेर ओढून काढावा लागतो. नेमाने उघडल्या जाणाऱ्या गाडीत हे काम चार-पाच मिनिटांचे आहे. वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या गाडीत मात्र ड्रम जागचा हलत नाही, आणि तिथेच बहुतेक नुकसान होते. कडा तुटतात, स्टडचे आटे जातात, बॅकप्लेट वाकते. याचे कारण जवळजवळ नेहमी एकच असते: ड्रम नेमका कुठे धरला आहे हे न पाहता हातोडा उचलला जातो. ड्रम धरण्याच्या जागा मोजक्याच आहेत, आणि प्रत्येक जागेचा उपाय निराळा आहे.

भारतातल्या जुन्या गाड्यांना हा प्रश्न हमखास पडतो, कारण त्यांतल्या बहुतेकांची चारही चाके ड्रम ब्रेकची. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात १९४७ पासून क्रायस्लर समूहाच्या डॉज, डिसोटो, प्लिमथ या गाड्यांची जुळणी होऊ लागली. पुढे तिथेच फियाट ११०० आली आणि १९७० च्या दशकात ती प्रीमियर पद्मिनी या नावाने ओळखली जाऊ लागली. उत्तरपाड्याची अँबॅसेडर, मद्रासची स्टँडर्ड हेरल्ड, महिंद्रांची जीप या तिच्या समकालीन. केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपात राखलेली दुचाकी किंवा चारचाकी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते आणि तिच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे आणि देखभाल एवढ्याच कारणांसाठी ती बाहेर काढायची. नियम योग्यच आहे, पण त्यामुळे गाडी वर्षातला बराच काळ उभी राहते, आणि उभ्या गाडीचे ड्रमच सगळ्यात आधी धरतात.

मागचेच ड्रम का धरतात, यालाही कारणे आहेत. पहिले म्हणजे हँडब्रेक. बहुतेक गाड्यांत तो मागच्या शूंवर काम करतो, म्हणून हँडब्रेक ओढून ठेवलेल्या गाडीत मागचे लायनर महिनोन्महिने बिडाला चिकटून राहते आणि मधल्या फटीतला ओलावा तिथेच कोंडतो. दुसरे कारण चालत्या गाडीतले आहे. ब्रेक लावताना गाडीचा भार पुढे झुकतो आणि थांबवण्याचे बरेचसे काम पुढची चाके करतात. मागचे ड्रम त्या मानाने थंड राहतात, त्यामुळे आत शिरलेले पाणी उष्णतेने उडून जात नाही. त्यात पुढच्या चाकांनी उडवलेला चिखल मागे येतो, आणि हँडब्रेकची तार ज्या भोकातून बॅकप्लेटमध्ये शिरते तिथून पाणीही आत जाते.

हा ओलावा किती काळ टिकतो ते एका गावावरून पाहू. रायपूरच्या दक्षिणेला, धमतरी आणि पुढे जगदलपूरकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ३० वर अभनपूर आहे. हा धानाचा मुलूख. मोसमी पाऊस जूनच्या मध्यात येतो आणि सप्टेंबर संपेपर्यंत रेंगाळतो. त्या काळात शेते पाण्याने भरलेली असतात आणि हवेतला दमटपणा दिवसरात्र टिकून राहतो. हवेची सापेक्ष आर्द्रता साधारण साठ टक्क्यांच्या वर गेली की उघड्या लोखंडावर गंज झपाट्याने धरू लागतो. इथल्या पावसाळ्यात तो उंबरठा आठवडेच्या आठवडे ओलांडलेला असतो. त्यातही गाडी शेणाने सारवलेल्या किंवा मुरमाच्या अंगणात उभी असेल, तर जमिनीतली ओल खालून सतत वर येत राहते. फरशीवरची गाडी आणि मातीवरची गाडी यांच्या ब्रेकमधला फरक दोन-तीन पावसाळ्यांत उघड दिसतो. गंजाचा खरा त्रास त्याच्या आकारमानात आहे. लोखंडाचा गंज झाला की तो मूळ धातूच्या दुपटीहून जास्त जागा व्यापतो. ड्रम आणि हब यांच्या बसकीत केसाएवढीच फट असते. तिथे वाढलेला गंज दोन्ही भागांना पाचरीसारखा आवळून धरतो.

ड्रम कुठे धरला आहे ते ओळखण्यासाठी चाक काढल्यावर तीन गोष्टी पाहाव्या लागतात. गिअर न्यूट्रलमध्ये आणि हँडब्रेक सोडलेला असताना ड्रम हाताने फिरतो का, ही पहिली. मुळीच फिरत नसेल तर शू ड्रमला चिकटले आहेत किंवा कशाने तरी दाबून धरले आहेत. ड्रम फिरतो, पण दोन्ही हातांनी ओढूनही बाहेरच्या बाजूला कणभर सरकत नसेल, तर पकड मध्यभागी, म्हणजे हबच्या बसकीत, स्क्रूंमध्ये किंवा धुऱ्याच्या निमुळत्या टोकावर, म्हणजे टेपरवर आहे. ड्रम दोन-चार मिलिमीटर बाहेर येतो, तिथे लवचिक अडथळा लागतो आणि सोडला की परत आत जातो, असे झाले तर ड्रमची आतली कड शूंवर अडकते आहे. या तिसऱ्या प्रकारात हातोड्याचे कामच नसते, आणि नेमका त्यातच तो सर्वाधिक वापरला जातो. कानही इथे मदत करतो. घट्ट बसलेल्या ड्रमवर टोला मारला की आवाज बद्द येतो. बसकीतली पकड सुटली की तोच टोला मोकळा वाजतो. पुढे प्रत्येक टप्प्यावर हा आवाज ऐकत राहणे हाताच्या जोराहून उपयोगी पडते.

काम सुरू करण्याआधीची तयारी थोडकीच आहे, पण ती टाळता येत नाही. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी गुटके लावावेत, कारण मागचा हँडब्रेक सोडलेला असणार आहे. गाडी जॅकवर उचलून धुऱ्याखाली भक्कम स्टँड द्यावेत. ओढाताणीत नुसत्या जॅकवरची गाडी घसरते, आणि विटांचा थर भाराखाली एकाएकी फुटतो. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करावेत. कुर्ल्याच्या डॉज-प्लिमथमध्ये आणि जुन्या जीपमध्ये एक गोष्ट आधी पाहावी लागते. त्यांच्या डाव्या चाकांच्या नटांचे किंवा बोल्टांचे आटे उलटे असतात. हे ठाऊक नसलेला माणूस नट सोडवतो आहे असे समजून तो आवळत जातो आणि शेवटी स्टड तोडतो. स्टडच्या टोकावर कोरलेले इंग्रजी ‘एल’ हे अक्षर ही त्याची खूण, पण गंज घासल्याशिवाय ती दिसत नाही.

धुळीची काळजी त्याहून महत्त्वाची आहे. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असे, आणि ड्रममध्ये साठलेली राखाडी पूड म्हणजे त्याच लायनरचा झिजलेला भुगा. ॲस्बेस्टॉसचे बारीक तंतू फुप्फुसात गेले की तिथेच राहतात आणि त्यांचे आजार, कर्करोगासह, वीस-तीस वर्षांनी प्रकट होतात. गॅरेजात हवेच्या नळीने ड्रम फुंकून साफ करण्याची पद्धत म्हणूनच घातक आहे, आणि ती अजून सर्रास दिसते हे खेदाचे आहे. साबणाचे पाणी शिंपडून पूड भिजवावी, ओल्या फडक्याने पुसून घ्यावी आणि फडके पिशवीत बांधून टाकावे. तोंडावर साधा रुमाल बांधून हे तंतू अडत नाहीत. त्यासाठी बारीक कण गाळणारा, चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क लागतो.

आता पहिला प्रकार, न फिरणारा ड्रम. इथे सगळ्यात आधी हँडब्रेकची तार पाहावी. केबिनमधला दांडा खाली केला तरी गंजलेली तार आपल्या नळीत अडकून ओढलेलीच राहते. गाडीखाली जाऊन ती तिच्या जोडावर सुटी करावी आणि बॅकप्लेटमागचा छोटा दांडा हाताने किंवा पक्कडीने त्याच्या मूळ जागी ढकलावा. अनेकदा एवढ्याने चाक फिरू लागते. तसे झाले नाही तर ब्रेक ऑइलचा दाब तपासावा. रबरी होज जुना झाला की आतून फुगतो आणि एका दिशेने उघडणाऱ्या झडपेसारखा वागू लागतो. पेडल दाबताना ऑइल पुढे जाते, पण परत येत नाही, त्यामुळे शू फुललेलेच राहतात. ब्लीडरचा निप्पल अर्धा आटा सैल केल्यावर ऑइलची चिळकांडी उडून चाक मोकळे झाले, तर दोष होजचा आहे आणि तो बदलावाच लागतो. निप्पलही गंजलेला असू शकतो. तो सहा पैलूंच्या रिंग पान्यानेच फिरवावा, साध्या पान्याने त्याचे कोपरे गोल होतात.

दोन्ही गोष्टी ठीक असूनही ड्रम फिरत नसेल तर लायनरच बिडाला गंजून चिकटले आहे असे धरावे. ही पकड मोठ्या क्षेत्रावर पसरलेली पण ठिसूळ असते. ड्रमच्या तोंडावर सगळीकडून फिरते टोले मारत राहिले आणि मधूनमधून ड्रम मागेपुढे हिसकला की ती हळूहळू फुटते. गाडी परत चाकांवर उतरवून तीन-चार जणांनी मागेपुढे झुलवणे हाही चांगला उपाय आहे. इंजिन सुरू करून पहिल्या आणि उलट्या गिअरमध्ये क्लच सोडण्याचा उपाय पुष्कळ ठिकाणी सांगितला जातो. त्याने चाक सुटते खरे, पण झटक्यात लायनर शूवरून उपटून ड्रममध्ये पाचरीसारखे बसण्याचा धोका असतो आणि मग काम दुप्पट वाढते. माणसांचा जोर पुरत असेल तर इंजिनाचा वापर टाळलेलाच बरा.

आता तिसरा प्रकार, कडेवर अडकलेला ड्रम. लायनर ड्रमच्या पूर्ण रुंदीला पोचत नाही. बॅकप्लेटकडच्या, उघड्या बाजूला एक बारीक पट्टी तशीच राहते. हजारो किलोमीटरनंतर मधला भाग झिजून खोल जातो, ही पट्टी मूळ व्यासाची राहते, वर गंज चढून आणखी आत येते, आणि तिचा एक ओठ तयार होतो. शू त्या खोलगट भागात बसलेले असतात. ड्रम बाहेर ओढला की ओठ त्यांच्या कडेवर अडतो. झीज प्रत्येक बाजूला अर्धा मिलिमीटर असली तरी पुरेशी होते, कारण ब्रेक वेळोवेळी आवळले गेल्याने शू त्या झिजलेल्या भिंतीला जवळजवळ टेकलेले असतात. उपाय सरळ आहे: शू आत घ्यायचे.

त्यासाठी ॲडजस्टर सैल करावा लागतो, आणि तो गाडीगणिक निराळा असतो. गर्लिंग पद्धतीच्या ब्रेकमध्ये बॅकप्लेटच्या मागून एक चौकोनी डोके बाहेर आलेले दिसते. मागून पाहताना ते घड्याळाच्या उलट दिशेने फिरवले की शू सैल होतात आणि दर पाव फेऱ्याला एक टकटक जाणवते. काही गाड्यांत बॅकप्लेटमागच्या बोल्टने फिरणारे कॅम असतात. अनेक अमेरिकन गाड्यांत दात्यांचे चाक असते आणि बॅकप्लेटमधल्या फटीतून स्क्रू ड्रायव्हरने त्याचा एकेक दाता सरकवावा लागतो. तिन्ही प्रकारांत ॲडजस्टर स्वतःच गंजलेला असण्याची शक्यता मोठी. आदल्या दिवशी तारेच्या ब्रशने घासून त्यावर गंज सोडवणारे तेल सोडावे आणि चौकोनी डोक्याला त्याच मापाचा चौकोनी पाना लावावा. पक्कडीने फिरवू गेले की डोके गोल होते आणि नंतर कोणताच पाना बसत नाही. ॲडजस्टर फिरला की ड्रमची एक बाजू थोडी ओढावी, मग समोरची, मग ड्रम थोडा फिरवून पुन्हा तसेच. असा डोलवत काढलेला ड्रम ओठासकट शूंवरून निघून येतो.

ॲडजस्टर अजिबात हलत नसेल तर शूंनाच सोडून द्यावे लागते. बहुतेक ब्रेकमध्ये शू बॅकप्लेटला धरून ठेवणाऱ्या लहान खिळीवजा पिना असतात आणि त्यांची डोकी मागून दिसतात. छिन्नीने ती डोकी उडवली की शू मोकळे डोलू लागतात आणि ड्रम त्यांना बरोबर घेऊन बाहेर येतो. पिना आणि स्प्रिंगा नव्या घ्याव्या लागतात. पण दुर्मीळ ड्रम वाचवण्यासाठी ही किंमत क्षुल्लक आहे.

उरलेला दुसरा प्रकार, मधोमध धरलेला ड्रम, अधिक चिकाटी मागतो. अँबॅसेडरच्या घराण्यातल्या गाड्यांत ड्रम स्टडवरून सरकून हबवर बसतो आणि बसक्या डोक्याचे दोन स्क्रू त्याला धरतात. गॅरेजात त्यांना सीएसके म्हणतात. चाक काढल्यावर ड्रम गळून पडू नये एवढेच त्यांचे काम, खरी पकड चाकाच्या नटांची. हे स्क्रू गंजून ड्रमशी एकजीव झालेले असतात. साध्या स्क्रू ड्रायव्हरने त्यांची खाच उडते. त्यापेक्षा इम्पॅक्ट ड्रायव्हर वापरावा. त्याच्या पाठीवर हातोडा मारला की त्याचे टोक खाचेत दाबले जाते आणि त्याच क्षणी थोडे वळते. तेही चालले नाही तर स्क्रूचे डोके ड्रिलने उडवावे. ड्रम निघाल्यावर उरलेला दांडा बाहेर डोकावतो आणि तो पक्कडीने निघतो.

त्यानंतर बसकीतला गंज. गंज सोडवणारे तेल, नसेल तर डिझेल, ड्रमच्या मधल्या भोकाभोवती आणि स्टडच्या मुळाशी थेंबाथेंबाने सोडावे. ते केशाकर्षणाने फटीत शिरते आणि त्याला वेळ लागतो. संध्याकाळी तेल, रात्रभर विश्रांती, सकाळी टोले, पुन्हा तेल, हा क्रम दोन-तीन दिवस चालवल्याने जे साधते ते तासभराच्या मारझोडीने साधत नाही. तेल लायनरवर जाऊ नये म्हणून बेताने सोडावे. शू बदलायचेच असतील तर ती चिंता नाही.

टोला कुठे मारायचा, हे बिडाच्या स्वभावावर ठरते. राखी बिडात ग्राफाइटच्या पापुद्र्यांसारख्या चकत्या विखुरलेल्या असतात. त्यांच्यामुळे ते कंप शोषते, घर्षणात नीट झिजते, उष्णता सामावून घेते, म्हणूनच ड्रम बिडाचे करतात. पण याच चकत्यांमुळे ते ताणात कच्चे आणि ठिसूळ असते. दाब ते भरपूर सोसते, वाकवणे सोसत नाही. म्हणून ड्रमच्या बाहेरच्या कडेवर मागून हातोडा मारणे किंवा तीन पायांचा पुलर त्या कडेला अडकवणे म्हणजे कड तोडून घेणे होय. टोला समोरच्या सपाट भागावर, दोन स्टडच्या मध्ये, हबच्या जवळ मारावा. मध्ये लाकडाचा किंवा पितळेचा ठोकळा धरावा किंवा मोगरी वापरावी. एका जागी जोराने मारण्यापेक्षा सगळीकडे मध्यम टोले फिरवत राहावेत, कारण गंजाचा थर धक्क्यापेक्षा कंपाने जास्त फुटतो. चाक परत चढवून, नट दोन-तीन आट्यांवर सैल ठेवून, चाकच दोन्ही हातांनी डोलवण्याची युक्तीही चांगली. चाकाच्या मोठ्या व्यासामुळे जोर अनेक पटींनी वाढतो आणि सैल नटांमुळे ड्रम अंगावर येत नाही.

फियाटसह अनेक गाड्यांच्या ड्रमवर आट्यांची दोन मोकळी भोके असतात. ती ड्रम काढण्यासाठीच ठेवलेली असतात. त्यांत योग्य मापाचे बोल्ट घातले की त्यांची टोके हबच्या तोंडावर टेकतात आणि ड्रमला बाहेर ढकलतात. आधी टॅप फिरवून भोकातला गंज काढावा, मग दोन्ही बोल्ट आळीपाळीने पाव-पाव फेरा आवळावेत. एकच बोल्ट आवळला तर ड्रम तिरका होऊन आणखी घट्ट बसतो. बोल्ट ताणलेले असताना तोंडावर टोले मारले की बहुतेक वेळा ड्रम मोठा आवाज करून सुटतो.

आच देणे हा त्यापुढचा उपाय. बीड दर अंश सेल्सिअसला आपल्या लांबीच्या सुमारे अकरा दशलक्षांश भागाने वाढते. साठ मिलिमीटर व्यासाच्या बसकीभोवतीचा ड्रम हबपेक्षा १५० अंशांनी जास्त तापला तर भोक सुमारे ०.१ मिलिमीटरने मोठे होते. गंजाची पकड सोडवायला एवढे पुरते. यासाठी आच मधल्या भोकाभोवती गोल फिरवत द्यावी. ती एका जागी रोखली तर बिडाला तडा जातो. आतला हब थंड असेपर्यंतच टोले मारावेत. सगळेच सारखे तापले की फरक नाहीसा होतो आणि उपयोग संपतो. व्हील सिलिंडरची रबरे आणि धुऱ्याचे ऑइल सील या उष्णतेत जळतात, ती बदलायची तयारी आधीच ठेवावी. डिझेल किंवा तेल सोडलेल्या ब्रेकवर ते पुसून वाळवल्याशिवाय ज्योत धरू नये. क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनर मारलेल्या भागाला तर आच देऊच नये, त्यातून विषारी वायू निघतो. तापलेल्या ड्रमवर पाणी ओतून तो गार करणे म्हणजे तडा ओढवून घेणे.

टेपरवर बसलेले हब मात्र या सगळ्यांत सर्वांत हट्टी. जुन्या क्रायस्लर गाड्या, विलीसच्या नागरी जीप आणि हेरल्ड यांच्या मागच्या धुऱ्याचे टोक निमुळते असते. हब त्या निमुळत्या भागावर एका चावीसह बसतो आणि टोकावरचा मोठा नट त्याला आवळून धरतो. क्रायस्लरमध्ये हब आणि ड्रम एकत्रच असतात, त्यामुळे ड्रम काढायचा म्हणजे टेपर सोडवायचाच. निमुळत्या जोडाची पकड गंजावर अवलंबून नसते. नटाच्या ताकदीने हब टेपरवर चढतो आणि घर्षणानेच तिथे राहतो. नव्या गाडीतही तो हाताने निघत नाही, पन्नास वर्षांनी तर काही टनांचा जोर लागतो. यासाठी चाकाच्या स्टडला नटांनी बांधला जाणारा जाड पुलर लागतो. त्याचा मधला स्क्रू धुऱ्याच्या टोकावर टेकतो, आणि स्क्रू फिरवणाऱ्या आडव्या दांड्याच्या कानांवर घण मारून तो आवळला जातो.

पुलर लावण्याआधी स्प्लिट पिन काढून धुऱ्याचा नट सैल करावा, पण पूर्ण काढू नये. तो टोकाशी काही आट्यांवर ठेवला की आटे सुरक्षित राहतात आणि सुटलेला हब तोफगोळ्यासारखा उडत नाही. अनेक टन ताणलेला ड्रम समोर उभ्या माणसाचा पाय मोडू शकतो, म्हणून त्याच्या सरळ रेषेत कोणी उभे राहू नये. धुऱ्याच्या टोकावर थेट घण मारण्याची सवयही सोडावी. तो धक्का बेअरिंगमध्ये आणि डिफरेन्शियलमधल्या टेकणीपर्यंत जातो आणि तिथले नुकसान लगेच दिसत नाही. पुलर पुरता आवळून तसाच रात्रभर ठेवला तर हब आपणहून सुटल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. सकाळपर्यंत सुटला नाही तर त्याच ताणावर हबच्या कडेला आच द्यावी. पुलरच नसेल तेव्हा नट थोडा सैल करून, स्प्लिट पिन तशीच घालून, गाडी मोकळ्या मैदानात अगदी सावकाश आठच्या आकड्यात फिरवायची, ही जुन्या जीपवाल्यांची रीत. वळणांच्या आडव्या जोराने टेपर सुटतो. ज्या गाडीचे बाकीचे ब्रेक चालतात तिच्याच बाबतीत हा प्रयोग करावा, आणि रस्त्यावर कधीच नाही.

ड्रम निघाल्यावर पहिले पाहायचे ते ओले डाग. डाग दोन ठिकाणांहून येतात, व्हील सिलिंडरातून ब्रेक ऑइल आणि धुऱ्याच्या सीलमधून गिअर ऑइल. नेहमीचे ग्लायकॉलचे ब्रेक ऑइल पाण्यात विरघळते, गिअर ऑइल तरंगते. बोटावरचा थेंब पाण्याच्या वाटीत बुडवला की कोणती दुरुस्ती करायची ते कळते. हे ब्रेक ऑइल हवेतले पाणी ओढून घेते आणि त्या पाण्याने सिलिंडर आतून गंजतो. दट्टे हलत नसतील आणि आतल्या भिंतीला खड्डे पडले असतील तर नुसती रबरे बदलून भागत नाही.

ड्रमची आतली भिंत तर्जनीने चाचपावी. ओठ, खोबणी, तडे लगेच जाणवतात. उष्णतेने पडलेल्या वरवरच्या रेघा चालतात, पण नखाला अडकणारी आणि कडेपर्यंत गेलेली चीर असेल तर तो ड्रम वापरू नये. चांगला ड्रम सुतळीने टांगून हलके ठोकला की खणखणीत वाजतो, चिरलेला बद्द वाजतो. लेथवर टर्निंग करून ओठ आणि खोबण्या काढता येतात, मात्र मर्यादा पाळावी लागते. ड्रमवर कमाल व्यास कोरलेला नसेल तर मूळ व्यासापेक्षा साधारण दीड मिलिमीटरपर्यंतच जाण्याचा संकेत आहे. त्यापुढे भिंत पातळ होते आणि तापल्यावर ड्रम फाकतो. ज्या गाड्यांचे ड्रम आता तयार होत नाहीत, त्यांच्या बाबतीत लेथवाल्याला फक्त ओठ कापायला सांगणे शहाणपणाचे. दोन्ही मागच्या ड्रमचे व्यासही एकमेकांच्या जवळ असावे लागतात, नाहीतर ब्रेक लावताना गाडी एका बाजूला ओढते.

जोडताना हबची बसक तारेच्या ब्रशने घासून चकचकीत करावी आणि तिच्यावर उष्णता सोसणाऱ्या तांब्याच्या ग्रीसचा अगदी पातळ हात फिरवावा. तेच ग्रीस ॲडजस्टरच्या आट्यांवर आणि बॅकप्लेटवर शू जिथे घासतात त्या उंचवट्यांवर द्यावे. लायनर आणि ड्रमची भिंत कोरडी राहिली पाहिजे. टेपरच्या जोडावर तर ग्रीस लावूच नये. तिथली पकडच घर्षणाची आहे, आणि ग्रीसमुळे हब टेपरवर प्रमाणाबाहेर चढून फाटू शकतो. तो नट पुस्तिकेतल्या टॉर्कनेच आवळावा. तो टॉर्क बहुधा २०० न्यूटन-मीटरच्या आसपास असतो. आवळल्यावर स्प्लिट पिनसाठी नटाची खाच आणि धुऱ्याचे भोक जुळले नाही तर नट आणखी पुढे न्यावा, मागे कधीच घेऊ नये. शू आधी ॲडजस्टरने बसवावेत, ड्रम घासू लागेपर्यंत आवळून मग मोकळा फिरेल एवढेच सैल करावेत. हँडब्रेकची तार शेवटी जोडावी. तार आधी ताणली तर शू पूर्ण आत येत नाहीत आणि सगळे माप चुकते. ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढून झाल्यावर गाडी तीन-चार किलोमीटर हळू चालवावी, थांबवावी आणि चारही ड्रमजवळ हात न्यावा. एखादा इतरांपेक्षा स्पष्ट गरम लागला तर त्याचे शू अजून घासत आहेत.

पावसाळ्यात गाडी उभी ठेवताना हँडब्रेक ओढू नये. गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवून चाकांना गुटके लावावेत. शेवटच्या फेरीत, गाडी लावण्याआधी, काही वेळा हलके ब्रेक मारून ड्रम तापवावेत म्हणजे आतले पाणी उडते. दर दोन-तीन आठवड्यांनी गाडी अंगणातल्या अंगणात का होईना मागेपुढे घ्यावी. ब्रेक ऑइल दोन वर्षांनी बदलावे. आणि वर्षातून एकदा, शक्यतो दिवाळीच्या सुमारास हवा कोरडी झाल्यावर, मागचे दोन्ही ड्रम काढून, बसक पुसून, ग्रीसचा हात फिरवून परत बसवावेत.